ठाऊक असलेला शेवट

ज्या चित्रपटाचा शेवट पहिल्या पंधरा मिनिटांतच कोणालाही सांगता येतो, तो चित्रपट माणसे पुढचे दोन तास बसून का पाहतात, हा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडलेला आहे. एक तरुण असतो, एक तरुणी असते. दोघांची गाठ पडते ती बहुधा भांडणाने. मग काही गैरसमज होतात, एखादा प्रतिस्पर्धी उपटतो, घरातली वडीलधारी मंडळी आडवी येतात आणि अखेरीस, व्हायचे तेच होऊन, सर्व मंडळी हसतमुखाने घरी जातात. अशा चित्रपटांना इंग्रजीत ‘रोमँटिक कॉमेडी’ असे नाव आहे. आपण त्यांना प्रणयविनोदी चित्रपट म्हणू. या चित्रपटांविषयी मला आज जे बोलावयाचे आहे ते समीक्षक म्हणून नव्हे. तो माझा अधिकार नाही. मी सरकारी नोकर आहे आणि माझा दिवस टिपणे व शेरे यांच्यात जातो. परंतु कधीकाळी साहित्य हा विषय घेऊन मी एम. ए. झालो, आणि त्या पदवीबरोबर जो एक अहंकार फुकटात मिळतो तो मलाही मिळाला. शोकान्त ते श्रेष्ठ आणि सुखान्त ते हलके, हा त्या अहंकाराचा पहिला सिद्धान्त. रविवारी दुपारी घरातली मंडळी एखादा असा चित्रपट तिसऱ्यांदा पाहू लागली म्हणजे मी वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत जात असे. तो सिद्धान्त मला का सोडावा लागला, हे सांगण्याचा आजचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या चित्रपटांचा शेवट ठाऊक असणे ही प्रेक्षकाच्या दृष्टीने उणीव नाही. तशी ती असती, तर एकदा पाहिलेला चित्रपट पुन्हा कोणी पाहिला नसता. मुंबई सेंट्रल स्थानकाजवळच्या ‘मराठा मंदिर’ चित्रपटगृहात ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ हा चित्रपट १९९५ साली लागला आणि पंचवीस वर्षांहून अधिक काळ तेथे चालत राहिला. त्या सकाळच्या खेळाला जाणाऱ्यांपैकी नायिका शेवटी आगगाडीत चढते की नाही याची शंका असलेला मनुष्य सापडणे कठीण. दुसरे उदाहरण याहून जुने आहे. १९३४ साली अमेरिकेत फ्रँक काप्रा यांनी ‘इट हॅपन्ड वन नाइट’ हा बोलपट काढला. घरातून पळालेली श्रीमंताची मुलगी आणि एक फटकळ वार्ताहर यांच्या प्रवासाची ती कथा. तिला ऑस्करची पाच प्रमुख पारितोषिके मिळाली. हीच कथा १९५६ साली राज कपूर आणि नर्गिस यांच्या ‘चोरी चोरी’त आपल्याकडे आली आणि १९९१ साली ‘दिल है के मानता नहीं’ या नावाने पुन्हा आली. तीन पिढ्यांनी ती पाहिली, आणि तिन्ही पिढ्यांना ती आपलीच वाटली.

हे केवळ बोलपटांपुरतेच असते तर त्याला काळाचा महिमा म्हणून सोडून देता आले असते. परंतु आपल्या प्राचीन नाट्यवाङ्मयाकडे वळले तरी तेच दिसते. सातव्या शतकातील सम्राट श्रीहर्षाने ‘रत्नावली’ लिहिली आणि ‘प्रियदर्शिका’ही लिहिली. दोन्हींत राजा उदयन हाच नायक आणि वासवदत्ता हीच राणी. दोन्हींत अंतःपुरातील एका साध्या परिचारिकेवर राजाचे मन जडते आणि शेवटी ती परिचारिका राजकन्याच असल्याचे उघड होते. म्हणजे एकाच कवीने एकच कथा दोनदा सांगितली, आणि ती सांगताना त्याला यत्किंचितही संकोच वाटलेला नाही. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’तही हीच गोष्ट आहे. तेथील मालविका आपल्या विदर्भाची राजकन्या. नाट्यशास्त्राने तर कथानकाच्या पाच अवस्थाच सांगून ठेवल्या आहेत: आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ति आणि फलागम. यांतील चौथीचे नाव मोठे अर्थपूर्ण आहे. फळ मिळण्यापूर्वीच ते मिळणार हे निश्चित होते, ती नियताप्ति. आपल्या शास्त्रकारांना शेवट लपविण्याची हौस नव्हती. ‘आता हे नक्की झाले’ असे प्रेक्षकाच्या कानात सांगूनच ते पुढचा अंक सुरू करीत.

या निश्चितीचा उपयोग कोणता? माझ्या मते पहिला उपयोग हा की, तिच्यावाचून हसताच येत नाही. बासू चटर्जी यांचा १९७६ सालचा ‘छोटीसी बात’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९६० सालच्या ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या इंग्रजी चित्रपटावर तो आधारलेला आहे. परंतु त्यातला अरुण अगदी मुंबईचा आहे, बसच्या रांगेत उभा राहणारा. त्या रांगेत त्याच्या पुढे प्रभा उभी असते, आणि तिच्याशी बोलायला त्याची जीभ रेटत नाही. नागेश नावाचा चटपटीत सहकारी स्कूटरवरून येतो आणि तिला घेऊन जातो. अरुण फटफटी विकत घेतो, तर त्यात फसतो. अखेर तो खंडाळ्याला एका कर्नलसाहेबांकडे धीट होण्याचे धडे घेण्यासाठी जातो. आता क्षणभर अशी कल्पना करा की, या मुलाचे पुढे काय होणार हे आपल्याला खरोखरच ठाऊक नाही. तो कायमचा एकाकी राहील, त्याचे मन मोडेल, हेही शक्य आहे. मग त्या फटफटीला आपण हसू शकू काय? नाही. आपल्याला त्याची कणव येईल. त्याची फजिती कायमची नाही याची खात्री असते, म्हणूनच आपण हसतो. धडपडलेल्या मुलाला लागलेले नाही हे पाहिल्यावरच आई हसते, त्यातलाच हा प्रकार आहे.

दुसरा उपयोग संगीताच्या रसिकांना सांगावयास नको. तबल्याचा ठेका चालू असतो आणि सम कोठे येणार हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. गवई आलाप घेत, ताना घेत दूर जातो. आता हा चुकतो की काय असे वाटावे इतका दूर जातो, आणि नेमक्या मात्रेवर परत येतो. त्या क्षणी सर्व माना एकदम डोलतात. ज्याला सम ठाऊक नाही त्याला हा आनंद मिळत नाही. म्हणजे या आनंदाची अटच मुळी आधीचे ज्ञान ही आहे. गूढकथेचा शेवट कळला की गूढकथा संपते, प्रणयविनोदाचे तसे नाही. त्याचा शेवट कळला की आपले लक्ष ‘काय होणार’ यावरून निघून ‘कसे होणार’ याकडे लागते, आणि मग एखादा चेहरा, एखादा संकोच, चहाचा पेला पुढे करणारा एखादा हात यांच्याकडे पाहण्यास आपल्याला सवड मिळते.

इतके झाले तरी आक्षेप उरतातच, आणि ते मला टाळावयाचे नाहीत. आयुष्य असे नसते, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे, परंतु अपुरा आहे, कारण चित्रपट पाहणाऱ्या कोणालाही आयुष्य असे असते असा भ्रम नसतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपल्या कितीतरी चित्रपटांत नायक नायिकेच्या मागे लागतो, तिने नको म्हटले तरी लागतो, आणि शेवट ठरलेला असल्यामुळे तिच्या नकाराला काही अर्थच उरत नाही. हा दोष मोठा आहे आणि त्याला हास्याचा शेला पांघरून तो लहान होत नाही. ज्या मुलीला नाही म्हणण्याची मुभा नाही तिच्या होकाराचे मोल ते काय? तिसरी गोष्ट जुन्या नाटिकांविषयी. राजाला नवी राजकन्या मिळते तेव्हा पहिल्या राणीच्या मनाचे काय होते, हे विचारल्यावाचून आजचा वाचक पुढे जाऊ शकत नाही, आणि त्याने जाऊही नये.

परंतु नेमके या राणीशी आल्यावरच मला त्या प्रश्नाचे खरे उत्तर मिळाले असे वाटते. ‘रत्नावली’त नायिकेला बंदीत टाकते कोण? राणी वासवदत्ता. आणि शेवटी तिचा हात राजाच्या हाती कोण देते? तीच वासवदत्ता. ‘मालविकाग्निमित्रा’त मालविकेला राजाच्या दृष्टीआड ठेवणारी धारिणीच शेवटी तिला राजाच्या स्वाधीन करते. काप्राच्या बोलपटात मुलीच्या प्रेमाला विरोध करणारा बाप शेवटी दुसऱ्या लग्नाच्या मांडवात, तिला वराकडे घेऊन जात असतानाच, हळूच सांगतो की बाहेर मोटार उभी आहे, मन नसेल तर पळून जा. ‘दिलवाले’तला पिता स्थानकाच्या फलाटावर मुलीचे मनगट घट्ट धरून उभा असतो, आणि ते मनगट सोडतो तोही तोच. आणि आपल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ सालचे ‘सौभद्र’? सुभद्रेचे लग्न अर्जुनाशी होणार हे महाभारत ऐकलेल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तरीही पिढ्यान् पिढ्या रसिकांनी त्या नाटकासाठी रात्री जागविल्या. तिला दुर्योधनाला देण्याचा हट्ट धरून बसलेला बलराम शेवटी निवळतो, हे पाहावयाचे असते.

तात्पर्य, तरुण-तरुणींचे मीलन हे या कथांतले ठरलेले कलम आहे. त्यात अनिश्चित असे काही नाही. जे अवघड आहे, ज्यासाठी दोन तास लागतात, ते म्हणजे कोणा तरी अडून बसलेल्या माणसाचे मन बदलणे. तो मनुष्य दुष्ट नसतो. तसा असता तर त्याला तुरुंगात धाडून कथा मिटली असती. तो चांगला, प्रेमळ, कर्तव्यदक्ष असतो आणि फक्त चुकत असतो. अशा माणसाला कोणी हरवू शकत नाही. त्याला स्वतःच उठून दार उघडावे लागते.

हे मला पुस्तकांतून कळले असे सांगितले तर ते खोटे होईल. माझ्या मुलीने गेल्या वर्षी आपला विवाह ठरविल्याचे आम्हांला सांगितले. मुलगा ओडिशातला आहे. एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. माझी मुलगी त्याच्याहून अधिक शिकलेली, अधिक पगार मिळविणारी. मी विरोध केला नाही. सरकारी मनुष्य सहसा विरोध करीत नाही. ‘विचार करू’ असे मी म्हटले, आणि कोणत्या प्रस्तावावर हा शेरा पडतो व त्याचे पुढे काय होते हे माझ्या घरातही सर्वांना ठाऊक आहे. दोन महिने गेले. एका रविवारी दुपारी पत्नी म्हणाली, “अहो, आज वर्तमानपत्र राहू द्या. बसा आमच्यात थोडा वेळ.” मी बसलो. पडद्यावर ‘चितचोर’ लागला होता.

बासू चटर्जींचाच १९७६ सालचा हा चित्रपट सुबोध घोष यांच्या बंगाली कथेवर आधारलेला आहे. मधुपूर या लहान गावात राहणाऱ्या मुख्याध्यापकांना मुंबईहून थोरल्या मुलीचे पत्र येते की, एक इंजिनिअर तुमच्या गावी येत आहे, धाकटीसाठी स्थळ चांगले आहे. स्थानकावर उतरलेल्या तरुणाला ही मंडळी इंजिनिअर समजून घरी आणतात, त्याचे कोडकौतुक करतात. तो मुलीला गाणे शिकवतो आणि दोघांची मने जुळतात. मग कळते की हा इंजिनिअर नव्हे, हा तर ओव्हरसिअर. त्याबरोबर आईचा सारा आदर एका दिवसात आटतो, आणि खरा इंजिनिअर येताच तोच आदर त्याच्याकडे वळतो. माणूस तोच, त्याचे गाणे तेच, फक्त हुद्दा बदलला. मला त्या आईची मोठी मौज वाटली. मी अगदी मोकळेपणाने हसलो. आणि मग माझ्या ध्यानात आले की खोलीत हसणारा मी एकटाच आहे. पत्नी पडद्याकडे पाहत होती, आणि मुलगी माझ्याकडे.

ओव्हरसिअर या हुद्द्याला आता बहुतेक खात्यांत कनिष्ठ अभियंता म्हणतात, हे मला कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

चित्रपट पाहून माझे मतपरिवर्तन झाले असे मात्र समजू नये. चित्रपटांत ते सामर्थ्य असते तर आमच्या घरात ते तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच झाले असते. याविषयी मी माझ्या थोरल्या बहिणीच्या अनुमतीने बोलत आहे. आमचे बालपण इंदूरला गेले. आमचे वडील, अण्णा, नाट्यसंगीताचे मोठे षोकी. ‘सौभद्रा’ची पदे त्यांना मुखोद्गत. गावात प्रयोग आला की ते आम्हां भावंडांना घेऊन जात. सुभद्रेच्या बाजूने त्यांचे डोळे ओले होत, आणि बलरामाच्या हट्टाला ते मान हलवून हसत. अशा या प्रेमळ माणसाला माझ्या ताईने एक दिवस आपल्या मनातले स्थळ सांगितले. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. “बघू” एवढेच म्हणाले. ते ‘बघू’ चार वर्षे चालले. मग त्या मुलाचे अन्यत्र लग्न झाले. ताईने पुढे लग्न केले नाही. एका शाळेत तिने सारे आयुष्य शिकविले, अण्णांचे अखेरचे आजारपण तिनेच काढले, आणि कधी कोणाला बोल लावला नाही. मी तेव्हा लहान होतो. त्या ‘बघू’चा अर्थ मला कळत नव्हता. आता कळत होता, कारण मी तोच शब्द अधिक शुद्ध मराठीत वापरला होता.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलाला न कळविता त्याच्या कामाच्या जागी गेलो. रस्त्यात मुख्य जलवाहिनी फुटली होती. हा गुडघाभर चिखलात उभा होता आणि खड्ड्याच्या काठावर पाच-सहा बायका रिकाम्या बादल्या घेऊन त्याच्याशी भांडत होत्या. तो त्यांना खोटे आश्वासन देत नव्हता. “दुपारी तीनपर्यंत नाही येणार, तीननंतर येईल,” असे सांगत होता. मी समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. पाणी तीन वाजून दहा मिनिटांनी आले. माझ्या बत्तीस चौरस फुटांच्या टेबलावरून, अधिकाराच्या सर्व शिक्क्यांसह, मी इतकी नेमकी ग्वाही कोणाला कधी दिल्याचे मला आठवेना. मग त्याने मला ओळखले, आणि हात धुण्यासाठी पाणी शोधीत संकोचाने उभा राहिला. मी म्हटले, “असू द्या. तुम्ही आता आमच्या घरी या.” ‘तुम्ही’ म्हणताना मला जड गेले, परंतु म्हणालो.

त्या रात्री इंदूरला ताईला फोन केला. सर्व हकीकत सांगितली, चित्रपटाची सुद्धा. मी म्हटले, “ताई, मला एक कळत नाही. अण्णांनी ‘सौभद्र’ किती वेळा पाहिले असेल! तरी त्यांना कसे समजले नाही?” ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अरे, तू झोपून जायचास, म्हणून तुला ठाऊक नाही. अण्णा शेवटच्या अंकाला कधी थांबलेच नाहीत. सकाळी कामावर जायचं असे. शेवट काय, ठाऊकच आहे, असं म्हणायचे आणि आम्हांला घेऊन उठायचे.”

आता मी रविवारी वर्तमानपत्र सकाळीच वाचून ठेवतो. घरातली मंडळी कोणताही चित्रपट लावोत, तो कितीही वेळा पाहिलेला असो, मी शेवटपर्यंत बसतो. लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. ताई पंधरा दिवस आधी येणार आहे.